दोन्ही कान दिसले पाहिजेत

३ मार्च

ताई,

पाकिटावर मी माझं नाव लिहिलं नाही. पाहून तू तसंच ठेवून देशील अशी भीती वाटली. पण अक्षर तूच गिरवून घेतलेलं आहे, तेव्हा तू ओळखलं असशील आणि तरी उघडलं असशील. तुझा पत्ता बाबांच्या खिशातल्या पाकिटात होता, घडी घालून घालून मऊ झालेल्या चिठ्ठीवर. मी तो न विचारता उतरवून घेतला.

चार वर्षांनी लिहितेय आणि पहिल्याच पानावर काहीतरी मागणार आहे. लाज वाटते, म्हणून आधीच मागून टाकते. मला तुझा चेहरा वापरायची परवानगी हवी आहे.

झालंय असं. कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी चित्रं करणारी एक कंपनी आहे. तिथे जागा निघाली आहे. त्यांनी चाचणी म्हणून एकच चित्र मागवलंय: दीपगृह सांभाळणारी बाई, हातात कंदील घेऊन जिना चढतेय. बाई कशी, वय काय, कपडे कसले, सगळं आपण ठरवायचं. एकतीस तारखेपर्यंत पाठवायचं. निवड झाली तर मला दुकानाबाहेरचं पहिलं काम मिळेल.

मी दुपारी, गिऱ्हाईक नसतं तेव्हा, दुकानातल्या कॉम्प्युटरवर काढते. स्क्रीनवरच्या पेनाचा हात आता बसलाय. मी त्या बाईला चेहरा द्यायला बसले आणि तुझा आला. मुद्दाम केलं नाही. हुबेहूब तू. आता दुसरा देऊन बघते तर ती बाई जिना चढायलाच तयार नाही.

हो किंवा नाही एवढं कळवलंस तरी पुरे. फोन करून पाहिला होता, तू उचलला नाहीस. खरं सांगायचं तर उचलला असतास तर मीच ठेवला असता.

बाबा ठीक आहेत. गुडघे कुरकुरतात. फोटोचं दुकान चालू आहे.

तुझी,
बारकी


९ मार्च

ताई,

मागच्या पत्रात एक दुरुस्ती. 'हुबेहूब तू' असं लिहिलं होतं, ते पूर्ण खरं नाही. त्याबद्दल पुढे लिहीन. आज लिहायचं ठरवलं होतं, पण बसल्यावर धीर होत नाहीये.

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टाला वेळ लागतो, मला माहीत आहे.

दरम्यान चित्राची शोभा झाली. ती सांगते, तुला हसू येईल. चित्रकारांचा एक गट आहे, ऑनलाइन. तिथे आपलं चित्र टाकायचं आणि बाकीच्यांनी त्यातल्या चुका काढायच्या. तिथे 'कोळसा' या नावाने एक जण लिहितो. त्याच्या नावाने सगळे चळाचळा कापतात. मी चित्र टाकलं, पाच मिनिटांत कोळसा आला:

"ही बाई परवान्याचा फोटो काढायला आलीये का?"

मी लिहिलं, "नाही, जिना चढतेय."

"कुठे चढतेय? बरोब्बर मधोमध उभी आहे, नाक समोर, खांदे सरळ. आणि कंदील एकाच हातात आहे ना? मग दोन्ही कानांवर सारखा उजेड कुठून आला? वीजमंडळाने दिला का?"

ताई, मी चित्राकडे पाहिलं आणि घाम फुटला. खरंच होतं. मी आपल्या दुकानातल्या उजेडाच्या दोन छत्र्या लावल्या होत्या तिला, डावीकडे एक, उजवीकडे एक. पाठीमागे फिकट निळा पडदा टाकायचा तेवढा बाकी राहिला होता. हनुवटी किंचित खाली, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. समुद्रावर वादळ चाललंय आणि ही बाई सरकारी अर्जाला चिकटवण्याजोगी उभी!

दिवसाला पन्नास चेहरे मी तसेच बसवते. माझा डोळा दुसरं काही मांडूच शकत नाही, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

कोळशाने मग सांगितलं तसं केलं. बाईला मधून उचलून एका बाजूला नेलं. जिना तिरका केला, म्हणजे नजर पायऱ्यांवरून वर चढत तिच्यापर्यंत जाते. कंदिलाच्या दांड्याचं टोक चौकटीला नेमकं चिकटलेलं होतं, ते आत घेतलं. आणि एक उजेड विझवला. एकच कंदील, एकच बाजू. अर्धा चेहरा अंधारात गेला तेव्हा मला अपराध केल्यासारखं झालं. बाबांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, "अर्ध्या चेहऱ्याचे पैसे परत मागतील."

काल तसंच एक गिऱ्हाईक आलं होतं. टक्कल पडलेले गृहस्थ. मला हळूच म्हणतात, "जरा केस टाका की ताई डोक्यावर. जास्त नको, बायकोला संशय येईल." बाबा आतून ओरडले, "आमच्याकडे आहे तसंच मिळतं!" मी मान खाली घालून फोटो कापत राहिले.

ते तसं पूर्वी म्हणत नसत, हे तुझ्याही लक्षात येईल.

बारकी


१६ मार्च

ताई,

आज दुरुस्ती करूनच टाकते. चित्रातल्या चेहऱ्यावर तुझी जन्मापासूनची खूण नाही. बीट चिरल्यावर बोटाला लागतो तशा रंगाची, डोळ्याखालून गालावर उतरलेली. ती मी काढली नाही. म्हणजे काढायची राहिली असंही नाही. मी काढलीच नाही.

हे मी आपणहून कबूल केलं असतं की नाही, ठाऊक नाही. रंगांमुळे करावं लागलं.

मांडणी बरी झाली म्हणून मी पुन्हा चित्र टाकलं. कोळशाने या वेळी फार चिडवलं नाही. म्हणाला, "हे काळंपांढरं करून बघ." केलं. सगळं एकाच राखाडी रंगात बुडालं. चेहरा कुठे, भिंत कुठे, कळेना. मी लाल, निळा, पिवळा भरपूर ओतला होता, पण गडद-फिकटाचा फरकच ठेवला नव्हता. "रंग ओरडतायत आणि ऐकू काहीच येत नाही," तो म्हणाला. मग चित्र नखाएवढं लहान करून पाहायला लावलं. मला त्यात काय दिसलं सांगू? कमरेचा पट्टा. तांबडा, चकचकीत. लाडाने रंगवलेला.

"नजर पट्ट्यावर जातेय. तुला गोष्ट पट्ट्याची सांगायचीये का?"

"नाही. चेहऱ्याची."

"मग ऊब चेहऱ्याजवळ आण. आणि सावलीत काळा रंग नको मिसळूस, चिखल होतो. सावलीत काय दिसतं ते बघून सांग."

ताई, हे वाक्य वाचून मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि खाली बसले. मी सात वर्षांची होते. आई जाऊन वर्ष झालं होतं. तू शिवणाच्या मशीनवर पेरू ठेवला होतास आणि मला विचारलं होतंस, सावलीचा रंग कोणता? मी म्हटलं, काळा. तू म्हणालीस, नीट बघ, मग बोल. मी तासभर बघत बसले. शेवटी म्हटलं, जांभळट, आणि खाली थोडी हिरवी. तू पेरू मला दिलास. सोळा वर्षांची होतीस तू. कापड बरोबर न नेता नुसत्या आठवणीवर दोऱ्याचं रीळ जुळवून आणायचीस. मला सगळं तूच शिकवलं होतंस आणि दुकानात बसून मी ते विसरले. दुकानात सावली म्हणजे पुसायची गोष्ट.

काळा काढून टाकला. सावल्यांमध्ये समुद्राचा निळा आणला, भिंतीवरून परतणारा थोडा हिरवा. पट्टा मातकट करून टाकला. आता सगळं थंड आणि शांत झालंय, आणि कंदिलाच्या बाजूचा गाल उबदार. तरीही कोळसा म्हणतो, "त्या गालावर काहीतरी हवंय. चेहरा गुळगुळीत आहे. नजर येते आणि घसरून जाते."

तिथे काय हवंय ते मला माहीत आहे. तेच मी काढत नाहीये.

म्हणून परवानगीचा अर्ज बदलून पुन्हा करते. तुझा चेहरा, खुणेसकट. चालेल का?

बारकी


२२ मार्च

ताई,

उत्तर नाही. म्हणजे नाही म्हणालीस असं समजायचं की पत्रं पोचलीच नाहीत असं समजायचं, हे ठरवता येत नाही. मी चित्रावर काम करत राहिले. परवानगीशिवाय. तीही नोंद असू दे.

परवा मी खूण काढायला बसले. रंग जुळला. पहिल्या झटक्यात जुळला, तू म्हणाली असतीस, बरा आहे. पेन गालाजवळ नेलं आणि थांबले.

कोणता गाल, ते आठवेना.

तू हसू नकोस. चिडूही नकोस, निदान हे पान संपेपर्यंत. असं झालंय की कोळशाने मला चित्र उलटवायची सवय लावली. एक बटण दाबलं की सगळं चित्र आरशात धरल्यासारखं उलट होतं. डावं ते उजवं. नजर ताजी होते आणि चुका पटकन दिसतात. गेले दोन आठवडे मी दर पंधरा मिनिटांनी तुझा चेहरा उलटवतेय. आता दोन्ही बाजू मला खऱ्याच वाटतात.

आठवायचा प्रयत्न केला. तू मशीनवर बसायचीस, खिडकी तुझ्या डाव्या हाताला. मी जमिनीवर, तुझ्या पायाशी. खुणेवर ऊन पडायचं, म्हणजे डावा. पण माझी वेणी घालताना तू मागे उभी असायचीस आणि मी तुला आरशात बघायची, तिथेही खूण खिडकीकडेच दिसते. मग मशीन तेव्हा दुसऱ्या भिंतीला होतं का? की ते ऊन मी आत्ताच रंगवून ठेवलंय?

आणि हे नुसतं आठवणीपुरतं नाही. उजेड पडलेल्या गालावर खूण आली तरच चित्र उभं राहतं. दुसऱ्या गालावर असेल तर कंदील दुसऱ्या हातात जातो, मग जिना फिरतो, सगळंच फिरतं. अंदाजाने ठोकून दिलं तर कुणाला कळणार नाही. मला कळेल.

फोटो बघ ना, असं तू म्हणशील. आता तेच सांगायचंय.

फोटोंत खूण नाही. एकाही फोटोत. त्या सगळ्यांतून ती मी पुसली.

काचेतला तो मोठा फोटो मी केला होता ताई, बाबांनी नाही. मी एकोणीस वर्षांची होते, बाबांनी जुने घरचे फोटो कॉम्प्युटरवर घ्यायला सांगितले होते, आणि मला नुकतंच चेहरा साफ करायचं तंत्र आलं होतं. पुटकुळ्या, चष्म्याचे वळ, सगळं पुसता येत होतं. मी तुझ्यापासून सुरुवात केली. तुला भेट द्यायची म्हणून. खरंच भेट म्हणून. लहानपणापासूनचे एकशे बारा फोटो, एकेक करून, आणि त्याच नावांनी जतन केले. कॉम्प्युटरवर मूळचे राहिले नाहीत. सगळ्यात छान झाला तो मी मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. बाबा दुपारी जेवून आले, बराच वेळ बघत राहिले, म्हणाले, "जोड दिसत नाही." मला आयुष्यात मिळालेली ती पहिली शाबासकी वाटली. ती शाबासकी होती का, हे आता सांगता येत नाही.

तू संध्याकाळी आलीस. काचेसमोर उभी राहिलीस. आत येऊन विचारलंस, "ही कोण?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग तुझ्याकडे. म्हणाले, "मी केलाय. का, चांगला नाही आला?"

मी काउंटरच्या मागे पाकिटं भरत होते. एका पाकिटात आठ. मी भरत राहिले. तू काय काय बोललीस ते सगळं मी ऐकलं. 'अठ्ठावीस वर्षं तोंडावर घेऊन फिरतेय ते तुम्हाला एवढं खुपत होतं?' असं तू आईच्या नवऱ्याला विचारलंस, आपल्या बाबांना. हो, तसंच म्हणालीस, 'बाबा' न म्हणता 'आईचा नवरा'. आणि त्यांनी ऐकून घेतलं. एक शब्द. 'बारकीने' एवढा एकच शब्द त्यांना पुरला असता.

तू कपाटातून अल्बम घेतलास आणि गेलीस. कागदावरचे फोटो तुझ्याकडेच आहेत. त्यांत खूण असेल.

काल बाबांना विचारलं. ते फोटो कापत होते.

"बाबा, ताईची खूण कोणत्या गालावर?"

कटर थांबला. "तुला माहीत नाही?"

मी खाली पडलेल्या कागदाच्या कडा गोळा करायला लागले.

"मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "सांगणार नाही. तिला विचार."

"ती उत्तर देत नाही."

"तू काय विचारतेस त्यावर आहे ते."

मग मी त्यांना म्हटलं की हे पत्र लिहितेय आणि त्यात सगळं लिहिणार आहे, फोटो कुणी केला तेही. ते बराच वेळ कटरचं पातं पुसत बसले. म्हणाले, "टाक पोस्टात." आणि मग बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकांना आत घेतलं. त्या दिवशी तीन जण हसले फोटोत. हसू नका म्हणायचं बाबा विसरले. तिन्ही परत काढावे लागले.

बारकी


२ एप्रिल

ताई,

चित्र पाठवलं. तुझी परवानगी लागली नाही.

कसं ते सांगते. तीस तारखेपर्यंत वाट पाहिली. पोस्टमन आला की काउंटरवरून उठत होते, त्याला वाटलं असेल या मुलीचं काहीतरी जमलंय. मग त्याच दिवशी दुपारी मी बाईला वळवलं. पाठमोरी केली. कंदील पुढे धरलेला, त्यामुळे तिच्या केसांच्या कडेला आणि खांद्याला उजेडाची नुसती रेघ, पायऱ्यांवर लांब निळी सावली, आणि कानाची एक पाळी तेवढी उबदार. चेहरा दिसत नाही. गाल नाहीत, तर प्रश्नच नाही.

गटात टाकलं. कोळशाने ते आधी उलटवून पाहिलं म्हणे. मग लिहिलं, "आता झालं चित्र. ही कोण असेल, असं वाटत राहतं. याला हात लावू नकोस."

बाकीच्यांनीही वाहवा केली. कुणी म्हणालं रंग किती संयमी. कुणी म्हणालं, चेहरा लपवायचं धाडस सगळ्यांना जमत नाही.

धाडस म्हणे.

मी हात लावला नाही. पाठवून दिलं. आणि कॉम्प्युटर बंद करून घरी चालत आले, रोजच्यापेक्षा लांबच्या रस्त्याने. घरात बाबा झोपले होते. तुझ्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल असतं. तिथे उभी राहून मी आधीच घातलेल्या घड्या पुन्हा घातल्या.

बारकी


१९ एप्रिल

ताई,

निवड झाली. पहिल्या तारखेपासून जायचंय. दुसरं शहर आहे, तुझ्याही गावापासून लांबच. मुलाखतीत तिथल्या मुख्य चित्रकाराने स्क्रीनवर चित्र लावलं आणि विचारलं, "चेहरा न दाखवायचं कसं सुचलं?"

मी म्हटलं, "मला तो आठवत नव्हता."

त्यांना तो विनोद वाटला. हसले. मीही हसले. तिथे असं हसायला परवानगी आहे.

मला आनंद झाला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. झाला. बाबांनी दुकानात दोन गिऱ्हाइकांना थांबवून सांगितलं. त्यातल्या एका बाईने माझा हात हातात घेतला आणि मला एकदम रडू आलं, तिला वाटलं आनंदाचं. पण ज्या चित्रावर मला काम मिळालं, ते मी तुला दुसऱ्यांदा पुसून केलेलं आहे. पहिल्या वेळी नुसती खूण गेली होती, या वेळी सगळा चेहरा. आणि दोन्ही वेळा लोक छान म्हणाले. मी हे कुणाला सांगू? कोळशाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "अगं, चित्र चांगलं आहे, बाकी कशाला उकरतेस?" त्याच्या बाजूने त्याचं बरोबर आहे.

आता चित्रासाठी काही नको. चाचणी झाली, कंपनीचा प्रश्न मिटला, परवानगीचा अर्ज मी मागे घेते. आता मागतेय ते माझ्यासाठी. मला माझ्या बहिणीचा चेहरा येत नाही. ज्या चेहऱ्याकडे बघत मी मोठी झाले, तो डोळे मिटले की गुळगुळीत येतो, मी केला होता तसा. दुकानातलं माझं सगळं सामान दोन खोक्यांत भरून झालंय, आणि त्यात तू नाहीस.

माफ कर असं लिहिणार नव्हते. ते लिहिलं की तुझ्यावर उत्तराचं ओझं येतं. पण लिहिलंच गेलं, तर राहू दे.

सोबत एक कागद ठेवला आहे. कॉम्प्युटरवरचा नाही, हाताने काढलाय, साध्या पेन्सिलने, काल दिवसभर बसून. जेवढं आठवलं तेवढं. दोन्ही गाल रिकामे ठेवले आहेत. माझा नवा पत्ता लिहिलेलं पाकीटही आत आहे, आणि लाल रंगाच्या पेन्सिलीचा तुकडा, पाकीट फुगू नये म्हणून अर्धा कापलेला. रंग नेमका नाही, मला माहीत आहे. दुकानात यापेक्षा जवळचा मिळाला नाही.

काही लिहू नकोस हवं तर. जिथे आहे तिथे लाव आणि कागद परत पाठव. नाक चुकलं असेल तर तेही सांग, पण ते सावकाश.

बारकी